सत्त्याण्णव टक्के पडदे

त्या गावात कुणी काही विकत घेतलं, की ते शहरातून आणलं असं सांगायची रीत होती. मग ती साधी सुई का असेना. सुईवर कुठे दुकानाचं नाव कोरलेलं नसतं, त्यामुळे सांगणाऱ्याला अवघड जात नसे. आणि ऐकणाराही आदल्याच आठवड्यात कोपऱ्यावरची सुई 'शहरातून' आणून बसलेला असे, त्यामुळे तोही फार खोलात शिरत नसे. शहर पासष्ट किलोमीटरवर. सकाळी आठला एक बस जायची, संध्याकाळी साडेपाचला तीच परत यायची, एवढाच काय तो दोघांचा संबंध. पण गावाला विचाराल, तर आपण खरे शहरातलेच, केवळ घर इथे पडलं म्हणून इथे राहतो, असं गावाचं म्हणणं होतं.

अशा गावात काकी अठरा वर्षं पडदे विकत होती, आणि आपण ते तिच्याकडून घेतले हे एकाही माणसाने आजवर कबूल केलेलं नव्हतं.

काकीचा गाळा नगरपालिकेच्या बाजारइमारतीत, मोठ्या दाराशी डाव्या हाताचा पहिला. भिंतभर कापडाचे ताके, काचेच्या पेटीत कड्या, हुक आणि दांड्यांच्या टोकांना लावायचे पितळी गोळे, खिडकीपाशी शिलाई मशीन आणि मागच्या भिंतीला टेकवलेली आठ पायऱ्यांची शिडी. त्या शिडीबरोबर काकीचा नवराही यायचा. दांड्या बसवायचं काम त्याचं. माणूस सरळ, बोलायला लागला की दोन शब्दांत आटपणारा. गाव त्याला शिडीवाले म्हणे, आणि बऱ्याच जणांची ओळख त्याच्यापेक्षा शिडीशी जास्त होती.

गावातली घरं काकीला खिडक्यांवरून पाठ होती. डॉक्टरांच्या बैठकीची खिडकी चार फूट दोन इंच, डावीकडे अर्धा इंच बुटकी, कारण घर बांधताना गवंडी ओळंबा शोधत होता आणि डॉक्टर त्याला स्वतःचं कौतुक सांगत होते. मुख्याध्यापकांची खिडकी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे उघडते, तरी त्यांना पडदा हवा दुहेरी अस्तराचा. म्हणजे आत काहीतरी पाहण्यासारखं आहे असा निदान भिंतीचा तरी समज व्हावा. माणसाची किंमत करायला काकीला त्याचा चेहरा लागत नसे. मोजपट्टी पुरे.

पिशव्यांचं प्रकरण सुरू केलं ते काकीच्या नणंदेने. नणंद म्हणजे शिडीवाल्यांची धाकटी बहीण आणि नगराध्यक्षांची बायको. गाळा नवा होता तेव्हा ती आली, बैठकीसाठी शेवाळी रंगाचे पडदे पसंत केले आणि निघताना म्हणाली, "वहिनी, पिशवी तुझी देऊ नकोस हं. एवढ्या मोठ्या घरात भावजयीकडचे पडदे, बरं दिसत नाही. शहरातल्या त्या शेठच्या दुकानाची एखादी असेल तर बघ."

काकीने बघितली. कापड आणायला ती शहरात जायचीच. तिथल्या सगळ्यांत मोठ्या पडद्यांच्या दुकानात, शेठच्या माळ्यावर, जुन्या छापाच्या पिशव्यांचा गठ्ठा धूळ खात पडला होता. शेठने तो तिला रद्दीच्या भावाने दिला आणि कशाला हवा म्हणून विचारलंही नाही. एकीचं बघून दुसरी आली, दुसरीचं बघून तिसरी. दोन वर्षांत अशी पाळी आली की शेठची पिशवी मिळत नसेल तर गिऱ्हाईक पडद्याला हात लावेना.

पुढे या कामाला एक शिस्त आली. माप दुपारी घ्यायचं, शेजारीपाजारी आडवे झालेले असताना. काकी मोजपट्टी भाजीच्या पिशवीत घालून जाई. अडचण शिडीची होती, ती भाजीच्या पिशवीत मावत नसे. म्हणून शिडीवाले आले की घरातून मोठ्याने सांगितलं जाई, "छपरावर मांजर अडकलंय हो!" अठरा वर्षांत त्या माणसाने कागदोपत्री साडेतीनशे मांजरं उतरवली. गावात मांजरं होती चार, आणि त्यातलं एक लंगडं असल्यामुळे चढायचंच नाही.

पडदे शिवून झाले की बाई ते साध्या फडक्यात गुंडाळून आठच्या बसने शहरात जाई. तिथे बसस्टँडच्या बाकावर दिवस काढी, दुपारी पडदे फडक्यातून काढून शेठच्या पिशवीत भरी, आणि साडेपाचला गावात उतरे ती पिशवीची छापील बाजू पुढे करून. तिथून घरापर्यंत जाताना वाटेत जितकी माणसं भेटतील तितकी कमीच. म्हणजे काकीच्या गाळ्यापासून शंभर पावलांवरच्या घरात जायला पडद्याला एकशे तीस किलोमीटर लागत. बसचा ड्रायव्हर एकदा म्हणालाही, "काकी, माझ्यापेक्षा तुमच्या कापडानेच हा रस्ता जास्त पाहिलाय."

"कापडाला मळमळत नाही," काकी म्हणाली, "मला मळमळतं."

हे असंच चाललं असतं. पण नगराध्यक्षांच्या मनात गावाचा विकास करायचं आलं.

विकास करायचा तर आधी अभ्यास हवा, म्हणून राजधानीहून एक अभ्यासक बोलावला. तरुण, नीटनेटका, खांद्याला लॅपटॉप आणि गळ्यात अडकवलेलं मोजणीचं छोटं यंत्र. काही दिसलं की तो ते टिक्‌ करून दाबी. दर दोन वाक्यांत तो एक टक्केवारी सांगे, म्हणून चार दिवसांत गावाने त्याला टक्केसाहेब हे नाव दिलं. त्याची रीत सोपी होती. गावात घरं किती, एका घराला वर्षाला अमुक माल किती लागतो, आणि तो माल विकणारी दुकानं गावात किती विकतात. लागतं त्यातून विकलं जातं ते वजा केलं की जे उरतं त्याला तो 'गळती' म्हणे. गावाचा पैसा बाहेर गळतो तो हा.

माणूस आळशी नव्हता, हे सांगायला हवं. आळशी असता तर एवढं नुकसान झालं नसतं. तो घरोघर गेला आणि प्रत्येक घरात त्याने विचारलं, "पडदे शेवटचे कुठून घेतले?" घरोघर एकच उत्तर मिळालं. तेवढ्यावर विश्वास ठेवणारा तो नव्हता. लोक खोटं बोलू शकतात, असं त्याला शिकवलेलं होतं; म्हणून पडताळा घ्यायला तो पंधरा दिवस रोज साडेपाचला बसस्टँडवर उभा राहिला आणि उतरणाऱ्या पिशव्या मोजल्या. टिक्‌, टिक्‌, टिक्‌. पिशव्या आणि उत्तरं तंतोतंत जुळली. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचलो याचा त्याला इतका आनंद झाला, की त्या वाटा एकाच गाळ्यातून निघतात का हे पाहायचं राहून गेलं.

मग तो काकीकडे आला. डॉक्टरीणबाई त्या वेळी आत कापड बघत होत्या. टक्केसाहेब दारात दिसताच त्या नमुन्याच्या पडद्यामागे गेल्या.

"काकी, तुमचं कसं चालतं?" त्याने डोळ्यांत माया आणून विचारलं.

"चालत नाही. बसूनच असते."

"महिन्याला साधारण किती गिऱ्हाइकं?"

काकीने पडद्याकडे पाहिलं. पडदा श्वास घेत होता. खरा आकडा तिच्या जिभेवर होता; पण खरा आकडा सांगायचा तर तो कुणाचा कुणाचा हे आलंच, आणि गिऱ्हाइकाचं तोंड झाकणं हा तिच्या मालाचाच भाग होता. अस्तरासारखा. दिसत नाही, पण पडदा त्याच्यामुळेच पडतो.

"तीन-चार," ती म्हणाली.

टक्केसाहेबाने ते लिहून घेतलं. मग हलणाऱ्या पडद्याकडे कौतुकाने पाहत म्हणाला, "गाळ्यात हवा मात्र छान खेळती आहे."

अहवाल एकशे अठरा पानांचा निघाला. त्यात गावाचे सगळे व्यवहार रंगीत वर्तुळांमध्ये कापून दिले होते. पान एकाहत्तरवर पडदे होते. गावाला पडद्यांची हौस दांडगी. पैकी सत्त्याण्णव टक्के खरेदी शहरात, शेठच्या दुकानी. स्थानिक विक्रेता तीन टक्के. शिफारस अशी, की बाजारइमारतीतला दर्शनी गाळा अशा निरुपयोगी व्यवसायात अडकवून न ठेवता त्याचा करार संपताच शेठच्या दुकानाला शाखेसाठी द्यावा, म्हणजे गळती थांबेल. काकीचा करार महिनाअखेरीला संपत होता.

शिडीवाल्यांनी पान एकाहत्तर दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"सांगून टाक," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"खरं."

"अहो, तीन-चार मीच सांगितलंय त्याला. माझ्याच तोंडचे तीन टक्के आहेत ते. लबाडांची सोबत केली, आता त्यांच्यातलीच एक म्हणून मोजली गेले. त्या पोराचं काय चुकलं? वेड्यांच्या गावात येऊन त्याने शहाण्यासारखी मोजणी केली."

सभेच्या आदल्या दुपारी नणंद आली. दोन्ही बाजूंना बघून आत शिरली आणि दार अर्धं ओढून घेतलं.

"वहिनी, उद्या तू काही वेडंवाकडं बोलणार नाहीस ना?"

"वेडंवाकडं म्हणजे खरं का वन्सं?"

"टोमणे मारू नकोस गं. मी यांना सांगितलंय. तुला मागच्या बाजूचा गाळा देतील, सायकली ठेवतात ना, त्याच्या पलीकडचा."

"तिथे खिडकी नाही."

"तुला कशाला खिडकी?"

काकीने कात्री खाली ठेवली. "वन्सं, मला काही नको. उद्या सभेत नुसतं उठा आणि म्हणा, माझ्या बैठकीतले पडदे भावजयीने शिवलेत. एक वाक्य. तुम्ही उठलात की बाकीच्याही उठतील, मेंढरांना पहिलं मेंढरू लागतं. गाळा माझा राहील."

"आणि मग मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"आहे तेच. दुसरं कुठून आणणार? शहरातून?"

नणंद तरातरा निघून गेली. जाताना काउंटरवरचं नव्या कापडाचं नमुन्यांचं पुस्तक तेवढं घेऊन गेली.

सभा नगरपालिकेच्या सभागृहात भरली. सभागृहाच्या अकरा खिडक्यांना काकीचेच पडदे होते. ते लागले त्या दिवशी सभागृहात मांजर शिरल्याची नोंद नगरपालिकेच्या दप्तरात आजही सापडेल. सगळं गाव लोटलं होतं. टक्केसाहेबाने भिंतीवर वर्तुळं दाखवली. 'गळती' हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा मागच्या रांगेतल्या नळदुरुस्तीवाल्याने मान वर केली, आणि हे आपलं काम नव्हे असं दिसल्यावर परत डुलकी घेतली.

नगराध्यक्षांनी घसा साफ केला. "ठराव मांडण्याआधी कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. आपल्याकडे लोकशाही आहे." हे त्यांनी पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं सांगितलं.

काकी उठली. डॉक्टरीणबाईंनी पर्स उघडून तिच्यात तोंड घातलं. मुख्याध्यापक छताकडे बघू लागले. नणंदेने नवऱ्याची बाही धरली. त्या क्षणी काकीने तोंड उघडून नुसती मापं म्हणून दाखवली असती, चार फूट दोन इंच, डावीकडे अर्धा इंच बुटकी, तरी निम्मं सभागृह खुर्चीखाली गेलं असतं. अख्खं गाव तिच्या मुठीत होतं. तिने त्या सगळ्यांकडे एकदा रांगेने पाहिलं, कापडाचा ताका उलगडून डाग शोधावेत तसं. आणि तिच्या लक्षात आलं, की ही मूठ उघडण्याइतकीही या लोकांची लायकी नाही.

"मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "फक्त विचारणार आहे. इथे ज्यांनी माझ्याकडून पडदे घेतले असतील, त्यांनी हात वर करावा. जबरदस्ती नाही."

कुणी हलेना. पंखा खडखडत राहिला. मग मागून, दाराजवळून, एक हात वर गेला. तो शिडीवाल्यांचा होता.

"आमच्या घरी," ते म्हणाले. "दोन खोल्यांत."

सभागृह खो खो हसलं. इतका वेळ कोंडलेला श्वास त्या हसण्यातून बाहेर पडला. नणंद म्हणाली, "दादा, खाली कर रे हात, घरचं माणूस धरत नाहीत!" टक्केसाहेबाने मात्र तो हात धरला. त्याने यंत्र टिक्‌ केलं, भागाकार केला आणि नगराध्यक्षांच्या कानाशी लागून म्हणाला, "सर, आपले तीन टक्के सढळच होते."

त्यानंतर ठराव मताला टाकला. इतका वेळ जडशीळ झालेले सगळे हात एकदम वर गेले. काकीचा करार संपुष्टात.

घरी जाताना शिडीवाले काकीच्या एक पाऊल मागे चालत होते. रोजच चालत, पण आज त्यांची पावलं काकीला ऐकू येत होती.

"हात कशाला वर केलात?" तिने विचारलं.

"तू विचारलंस," ते म्हणाले.

काकी तोंड फिरवून चालायला लागली. वळणापर्यंत तिने नाक दोनदा पुसलं आणि धूळ फार आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आठच्या बसने शेठकडे गेली. शेठसमोर नगरपालिकेने सभेआधीच पाठवलेलं पत्र आणि अहवाल पडला होता.

"काकी, बरं झालं आलात. तुमच्या गावातले लोक पडदे घ्यायला माझ्याकडे येतात म्हणे, थव्याने. मी तीस वर्षं या गादीवर बसतोय. मला तर एकही चेहरा आठवत नाही."

"आठवणार कसा? येतच नाहीत ते." काकीने त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. फक्त नाव एकाचंही घेतलं नाही.

शेठने ऐकून घेतलं. मग अहवाल उचलला, त्याचं वजन घेतलं, पान एकाहत्तर उघडलं. "पण काकी, इथे छापलंय हो. रंगीत. सत्त्याण्णव!" आणि तो तिच्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की बिचारीचं दुकान गेलं, मत्सराने बोलतेय.

काकी अशी नजर कालच भरपूर पाहून आली होती. तिने हुज्जत घातली नाही. "बसस्टँडकडे तोंड असलेली तुमची मागची खोली," ती म्हणाली, "माल शाखेत हलवलात की रिकामी पडेल. मला भाड्याने द्याल?"

दया आलेला माणूस खोली लवकर देतो. शेठने दिली.

गावात शाखा उघडली तेव्हा नगराध्यक्षांनी फीत कापली आणि गळती थांबली असं जाहीर केलं. काकीच्या जागी काचेचं दार आलं, दिवे आले, गणवेशातल्या दोन विक्रेत्या आल्या. गाव दिवसभर आत जाऊन पडद्यांना हात लावून आलं. घेतलं कुणीच नाही. उघड आहे. भर बाजारात, दहा जणांच्या डोळ्यांदेखत, गावातल्या गावात घ्यायचं? मग ते शहरातलं कसलं? त्यातून पिशवीचीही वाट लागली. जी पिशवी इथेच चौकात मिळते ती मिरवण्यात काय हशील? अठरा वर्षं गावाने जिच्यावर अब्रू वाहिली, ती पिशवी आठवड्याभरात कांदेबटाटे आणायला लागली.

गावाला आता नवी पिशवी हवी होती, आणि शहर तर तिथेच होतं.

सगळ्यांत आधी डॉक्टरीणबाई आठच्या बसने निघाल्या. शहरात उतरल्या, समोर पडद्यांचं एक नवं छोटं दुकान दिसलं, आत शिरल्या आणि काउंटरमागे काकीला पाहून जागच्या जागी थिजल्या. वास्तविक त्याच बसमध्ये काकी त्यांच्या पुढच्याच बाकावर बसून आली होती. राहायला ती गावातच होती, शिडीवाल्यांसह रोज जाऊन येऊन करायची. पण बसमध्ये बाईंनी ओळख दाखवली नव्हती.

"अगंबाई! तुम्ही इथे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी इथेच," काकी म्हणाली. "काय दाखवू?"

तिने स्वतःच्या पिशव्या छापून घेतल्या होत्या. त्यांच्यावर तिचं नाव होतं. सासरचं-माहेरचं मिळून पूर्ण नाव, ठळक अक्षरात. अठरा वर्षं ते नाव गावाने जिभेवर येऊ दिलं नव्हतं. आता रोज साडेपाचला बसमधून उतरून बायका ते छातीशी धरून, छापील बाजू पुढे करून, चौकातून घरी नेऊ लागल्या. कापड तेच, शिलाई तीच, चुण्याही जुन्याच. किंमत मात्र काकीने दुप्पट केली होती, कारण शहरात सगळं महागच असतं, हे गावाला माहीत होतं. "दर्जाच वेगळा बाई," असं त्या एकमेकींना सांगत. "आपल्याकडे होती ना ती काकी? तिला काही जमायचं नाही."

शाखा सात महिन्यांत बंद पडली. टक्केसाहेब तोवर दुसऱ्या गावाचा विकास करायला गेला होता. आपल्या गळतीचं पुढे काय झालं हे त्याला कुणी कळवलं नाही, आणि विचारायची त्याच्याकडे रीत नव्हती.

एक दिवस नणंद दुकानात आली. तीही त्याच बसने आली होती, सगळ्यांत मागच्या बाकावरून. पर्समधून तिने नगरपालिकेचं पत्र काढलं. शहरातील नामांकित दुकान या नात्याने आपण आमच्या बाजारइमारतीतील दर्शनी गाळ्यात शाखा उघडावी, अशी विनंती. खाली नगराध्यक्षांची सही.

काकीने ते शिडीवाल्यांकडे दिलं. त्यांनी वाचलं. "गाळा तोच," ते म्हणाले.

"ठराव एकमताने झालाय, वहिनी," नणंद म्हणाली. "सगळ्यांनी हात वर केले."

"आमच्या गावच्या लोकांचे हात फार चांगले आहेत वन्सं. वर जायचे तेव्हा जातात." काकीने पत्राची घडी घातली आणि परत दिली. "भाऊजींना सांगा, शाखा उघडणार नाही. गावात कोण घेतं हो पडदे?"

नणंदेचा चेहरा पडला; पण ती आली होती दोन कामं घेऊन, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं होतं. "बरं ते असू दे. बैठकीच्या दाराचा पडदा हवाय. मोठा, जमिनीपर्यंत. माप घ्यायला येशील ना? आपल्या घरापासून दोन गल्ल्या तर आहे."

"बाहेरगावी माप घ्यायला आम्ही जात नाही," काकी म्हणाली. "शहरात तशी पद्धत नसते."

हे ऐकून नणंद रागवायच्या ऐवजी सुखावली. खरंच शहरात आल्यासारखं तिला पहिल्यांदा वाटलं असावं. "मी आणलंय ना मोजून," ती म्हणाली. "बरोब्बर नऊ वीत."

काकीने तिच्या हाताकडे पाहिलं. त्या दाराचं माप तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, आणि असल्या नऊ वितींत ते बसत नव्हतं. साडेचार इंच कमी पडणार होते.

"नक्की नऊ ना वन्सं?"

"यांच्यासमोर मोजलंय!"

"मग बरोबरच असणार," काकी म्हणाली आणि कात्री चालवली.

पडदा लागला तो साडेचार इंच तोकडा. नणंद क्षणभर खचली; पण बाई नगराध्यक्षांच्या घरात वाढलेली नसली तरी मुरलेली होती. पहिली शेजारीण डोकावली तेव्हा ती म्हणाली, "शहरात हल्ली असेच घेतात. जमिनीपर्यंत लोळणारे आता फक्त खेड्यात."

त्यानंतरचा महिनाभर काकीच्या दुकानात येणारी प्रत्येक बाई आवाज खाली आणून म्हणे, "साडेचार इंच वर हं. नगराध्यक्षांकडे आहेत तसे." ज्यांचे लांब पडदे आधीच लागले होते, त्यांनी ते घरी कापून घेतले. कुणी कुणी चढाओढीत सहा इंचांवर गेलं. किंमत काकीने तीच ठेवली. उलट नवी पद्धत म्हणून थोडी वाढवली, आणि उरलेल्या पट्ट्यांच्या उशांच्या खोळी शिवून त्याही त्याच बायकांना विकल्या.

एका सकाळी बसस्टँडवर आठच्या बसची वाट बघत दोघं बसली होती. शिडीवाले बराच वेळ काहीतरी जुळवत होते. अखेर म्हणाले, "गल्लीतून येताना हल्ली सगळ्या घरांतले पाय दिसतात. पडद्याखालून."

"आणि वरचं?"

"वरचं नाही दिसत."

"मग राहू द्या," काकी म्हणाली. "त्यांच्यात बघण्यासारखं तेवढंच आहे." बस आली तशी तिने कापडाचं गाठोडं उचललं आणि खिडकीची जागा धरायला पुढे झाली.